पाचवा रकाना

गेल्या महिन्यात ऑफिसात माझ्याकडे एक किरकोळ काम आले. एका संस्थेच्या कर्मचारी नोंदणीच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा होता: धर्म. तो अनिवार्य ठेवायचा होता, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकणार नाही. मी विचारले, "ही माहिती कशासाठी लागते?" उत्तर आले, "सध्या काही नाही. पण असू द्या, पुढेमागे लागली तर." मी वाद घातला नाही. दहा-पंधरा मिनिटांचे काम होते. केले, तपासले, पाठवून दिले आणि जेवायला गेलो.

त्याच रात्री आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामूंनी एक व्हिडिओ टाकला. मॉस्कोच्या मोठ्या मशिदीबाहेर ईदची नमाज चाललेली, रस्ताभर माणसेच माणसे. खाली लिहिले होते, 'रशिया हाच मुसलमानांचा खरा दोस्त'. ग्रुपवर 'माशाअल्लाह'ची रांग लागली. मीही अंगठा दाखवून मोकळा झालो.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असे तेव्हा वाटले नव्हते. नंतरचे काही आठवडे मी रशियातल्या मुस्लिमांचा इतिहास वाचत होतो, आणि त्यात मला माझाच रकाना सापडला.

आधीच सांगतो, आमच्या घरात रशियाचे नाव आदराने घेतले जाई. अब्बा यंत्रमाग कामगार, युनियनचे कार्यकर्ते. कपाटात स्वस्तात मिळालेली सोव्हिएत पुस्तके होती, त्यांच्या शेजारी अण्णाभाऊ साठे यांचे 'माझा रशियाचा प्रवास'. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी मी भौतिकशास्त्राची गणिते सोडवली ती मॉस्कोच्या मीर प्रकाशनाने काढलेल्या इरोडोव्हच्या पुस्तकातून. १९७१ च्या युद्धात सोव्हिएत संघाने संयुक्त राष्ट्रांत नकाराधिकार वापरून भारताची बाजू राखली, हे अब्बा अजूनही सांगतात आणि ते खरेच आहे. त्यामुळे हा लेख रशियाच्या वैऱ्याने लिहिलेला नाही.

आता त्या रकान्याकडे येऊ. २७ डिसेंबर १९३२ रोजी सोव्हिएत सरकारने देशांतर्गत पासपोर्टची पद्धत सुरू केली. आपण परदेशी जाताना काढतो तो हा पासपोर्ट नव्हे. शहरात राहायला, नोकरी करायला, घर मिळवायला लागणारे हे ओळखपत्र होते. त्यात नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ यांच्याबरोबर 'राष्ट्रीयत्व' अशी एक ओळ होती. तिचा अर्थ नागरिकत्व असा नव्हता. नागरिक सगळे सोव्हिएतच होते. या ओळीत लिहायचे ते रशियन, युक्रेनियन, तातार, चेचेन, ज्यू, जर्मन असे, म्हणजे माणूस कोणत्या समूहात जन्मला ते. नोकरीच्या ठिकाणी भरून घेतल्या जाणाऱ्या व्यक्तिगत माहितीच्या फॉर्ममध्येही हा प्रश्न असे, आणि तो पाचव्या क्रमांकावर असे. पुढे रशियन भाषेत 'पाचवा रकाना' हा वाक्प्रचारच झाला. एखाद्या हुशार ज्यू विद्यार्थ्याला विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही की लोक हळूच म्हणत, त्याचा पाचवा रकाना आडवा आला.

मराठीत आपण देशद्रोह्याला 'पंचमस्तंभी' म्हणतो. तो शब्द स्पेनच्या यादवी युद्धातून आलेला, त्याचा या रकान्याशी संबंध नाही. पण पुढे जे घडले त्यात दोन्ही पाच एकमेकांना येऊन मिळाले.

सुरुवातीला या रकान्यामागचा हेतू वाईट होता असे म्हणता येत नाही. झारच्या राजवटीत बिगर-रशियन लोकांच्या भाषांना मान नव्हता. बोल्शेविक सत्तेवर आले आणि १९१७ च्या अखेरीस त्यांनी रशियातल्या आणि पूर्वेकडच्या कष्टकरी मुस्लिमांना उद्देशून एक जाहीर आवाहन काढले. तुमच्या श्रद्धा आणि रीतिरिवाज यापुढे मुक्त आहेत, त्यांना कोणी हात लावणार नाही, असे त्यात वचन होते. खाली दोन सह्या होत्या, लेनिन आणि स्टालिन. स्टालिन तेव्हा राष्ट्रीयत्वांच्या खात्याचे मंत्री होते. १९२० च्या दशकात लहान लहान समाजांना स्वतःच्या भाषेत शाळा, वर्तमानपत्रे, प्रशासनात जागा मिळाल्या. कोणाला काय द्यायचे हे ठरवण्यासाठी कोण कोणत्या समूहाचा आहे हे माहीत असणे गरजेचे होते. नोंद हवी होती ती या कामासाठी.

हे समाज क्रांतीची वाट पाहत अंधारात बसले होते, असेही नाही. क्रिमियातल्या बख्चिसराय गावात इस्माईल गास्प्रिन्स्की यांनी १८८३ मध्ये 'तर्जुमान' हे वर्तमानपत्र सुरू केले. ते रशियन आणि तुर्की अशा दोन भाषांत निघे. आपणही दोन भाषांत लिहितो, म्हणून हे वाचताना मला विशेष बरे वाटले. पुढच्याच वर्षी त्यांनी नव्या पद्धतीची शाळा काढली. तिथे मुलांना अर्थ न कळता पाठ करण्याऐवजी अक्षराचा ध्वनी ओळखून वाचायला शिकवत, आणि चाळीस दिवसांत मूल वाचू लागते हे त्यांनी करून दाखवले. ही पद्धत तुर्कस्तानपर्यंत पसरली. १९१२ मध्ये तिच्या प्रचारासाठी गास्प्रिन्स्की मुंबईलाही आले होते. त्यांची मुलगी शफीका हिने स्त्रियांसाठी नियतकालिक चालवले. मे १९१७ मध्ये मॉस्कोत भरलेल्या अखिल रशियन मुस्लिम परिषदेने स्त्रियांना समान राजकीय हक्क असावेत असा ठराव केला, आणि मुखलिसा बूबी या तातार शिक्षिकेला धार्मिक मंडळावर काझी म्हणून निवडले. बाईने काझी व्हावे की नाही यावर आपल्याकडे अजून चर्चा रंगतात. तिथे १९१७ मध्ये मुस्लिमांनी स्वतः मतदान करून तो प्रश्न निकाली काढला होता.

मुखलिसा बूबींना डिसेंबर १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. त्या काळात लाखो सोव्हिएत नागरिकांचे जे झाले तेच त्यांचे झाले.

रकान्यातला महत्त्वाचा बदल १९३८ मध्ये झाला. तोपर्यंत माणूस स्वतः सांगेल ते राष्ट्रीयत्व लिहिले जात होते. आता ते आईवडिलांच्या राष्ट्रीयत्वावरून ठरवायचे असा आदेश गुप्त पोलिसांच्या खात्याने, एनकेव्हीडीने काढला. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर वापरणाऱ्याने भरायची माहिती आता यंत्रणेने भरायची झाली, आणि बदलण्याची सोय काढून टाकली गेली. धर्म सोडला, भाषा बदलली, पक्षाचे सभासद झाला, तरी रकाना जन्मावरच ठरणार.

आणि मग युद्ध आले.

२३ फेब्रुवारी १९४४. हा लाल सेनेचा दिवस. कॉकेशस पर्वतातल्या चेचेन आणि इंगुश गावांत माणसांना समारंभाच्या निमित्ताने जमवले आणि सशस्त्र वेढ्यात आदेश वाचून दाखवला. त्याआधी सुमारे एक लाख सैनिक त्या प्रदेशात आणून ठेवले होते. अमेरिकेने हिटलरशी लढण्यासाठी दिलेल्या ट्रकांतून लोकांना स्टेशनवर नेले आणि मालगाड्यांच्या डब्यांत भरले. साधारण आठवड्याभरात जवळपास पाच लाख माणसे कझाकस्तान आणि किर्गिझियाच्या वाटेला लावण्यात आली.

तीन महिन्यांनी क्रिमियाची पाळी आली. ११ मे १९४४ च्या आदेशावर स्टालिन यांची सही आहे, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या आवाहनावर होती तीच. १८ मेच्या पहाटे दारे वाजली. तीन दिवसांत सुमारे एक लाख नव्वद हजार क्रिमियन तातार गाड्यांत भरले गेले. बहुतेकांना उझबेकिस्तानात नेले. आदेशात प्रत्येक कुटुंबाला पाचशे किलो सामान नेण्याची परवानगी लिहिलेली आहे. वाचलेल्यांच्या आठवणी मात्र सांगतात की तयारीला मिळाली ती काही मिनिटे. घरात होते कोण? म्हातारी माणसे, बायका आणि मुले. कमावते पुरुष लाल सेनेत हिटलरविरुद्ध लढत होते.

त्या सैनिकांचे काय झाले, इथे तो रकाना उघडा पडतो. गावातल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे तेव्हा पासपोर्ट नव्हताच. गावे ओळखायला कागद लागला नाही, कोणते गाव कोणाचे हे सगळ्यांना माहीत होते. पण लाखोंच्या सैन्यात, वेगवेगळ्या तुकड्यांत विखुरलेले चेचेन आणि तातार सैनिक कोण, हे कसे शोधणार? चेहऱ्यावरून कळत नाही. पराक्रमावरून तर मुळीच नाही. ते सापडले सेवापुस्तकातल्या त्या एका नोंदीवरून. छातीवर पदके असलेले सैनिक आणि अधिकारी सैन्यातून वेगळे काढले आणि निर्वासनात पाठवले. अमेत-खान सुलतान हा क्रिमियन तातार आईचा मुलगा, सोव्हिएत हवाई दलाचा वैमानिक. त्याला 'सोव्हिएत संघाचा वीर' हा सर्वोच्च सन्मान दोनदा मिळाला, १९४३ मध्ये आणि १९४५ मध्ये. या दोन तारखांच्या मधल्या वर्षी त्याच्या आईचा सगळा समाज देशद्रोही ठरला होता.

आरोप होता जर्मनांना मदत केल्याचा. काही तातार जर्मन तुकड्यांत भरती झाले होते, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण जनरल व्लासोव्ह रशियन होते आणि त्यांनी जर्मनांच्या बाजूने रशियनांचे सैन्य उभे केले. त्यासाठी व्लासोव्हना फाशी झाली. रशियन समाजाला कोणी मालगाडीत घातले नाही. अपराध एका माणसाचा असतो तेव्हा खटला चालवावा लागतो, पुरावा लागतो, वकील लागतो. समूहाला शिक्षा द्यायची तर रकाना पुरतो.

हे फक्त मुस्लिमांच्या वाट्याला आले असे समजणे चूक होईल. १९३७ मध्ये अतिपूर्वेकडून सुमारे एक लाख सत्तर हजार कोरियनांना मध्य आशियात हलवले. १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन गेले, ते ख्रिस्ती. १९४३ च्या डिसेंबरात काल्मिक गेले, ते बौद्ध. कराचाय, बाल्कार, मेस्खेतियन तुर्क हे मुस्लिम समाजही गेले. ज्याला हे 'इस्लामविरुद्धचे युद्ध' म्हणून मांडायचे असेल त्याला या यादीतली निम्मी नावे गाळावी लागतील. आपण ती गाळू नयेत.

जग तेव्हा काय करत होते? फेब्रुवारी १९४५ मध्ये, निर्वासनाला नऊ महिनेही झाले नव्हते, तेव्हा रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन युद्धानंतरच्या जगाची मांडणी करायला एकत्र बसले. जागा होती क्रिमियातल्या याल्टाजवळचा लिवादिया राजवाडा. त्याच किनाऱ्यावरची तातार गावे तेव्हा रिकामी होती आणि त्यांची नावे बदलण्याचे काम सुरू झाले होते. लोकशाहीच्या नावाने बोलणाऱ्या पाहुण्यांनी हा विषय काढला नाही.

उझबेकिस्तानात या लोकांवर अधिकाऱ्यांचा पहारा होता. ठरलेल्या वस्तीबाहेर परवानगीशिवाय जायचे नाही, ठरावीक दिवशी हजेरी द्यायची. नोव्हेंबर १९४८ च्या हुकमाने हे निर्वासन कायमचे ठरवले आणि पळून जाणाऱ्याला वीस वर्षे सक्तमजुरी ठेवली. स्टालिन गेल्यावर, १९५७ मध्ये, चेचेन आणि इंगुशांना परत येऊ दिले. क्रिमियन तातारांना नाही. १९६७ मध्ये त्यांच्यावरचा देशद्रोहाचा ठपका मागे घेणारा एक हुकूम निघाला, पण त्यात 'क्रिमियन तातार' हे नावच नव्हते. 'पूर्वी क्रिमियात राहणारे तातार राष्ट्रीयत्वाचे नागरिक' असे लिहिले होते. त्या काळातल्या जनगणनांतही त्यांची वेगळी मोजणी झाली नाही, सगळे तातार एकत्र धरले. शिक्षा देताना जो रकाना नेमका होता, तो हक्क मागायची वेळ आली तेव्हा पुसला गेला.

मग त्यांनी जे केले ते वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. १९६० च्या दशकात तातार कार्यकर्ते घरोघर गेले आणि स्वतःच आपली गणना केली. तुमच्या घरातून किती जण निघाले होते, पहिल्या वर्षांत किती गेले, हे विचारून लिहून घेतले. सरकारी नोंदींनुसारही हजारो माणसे उपासमारीने आणि रोगराईने दगावली होती. लोकांच्या या गणनेत हे प्रमाण ४६ टक्के निघाले. यातला नेमका आकडा कोणता यावर इतिहासकारांत वाद आहे. पण साधनांविना, पहाऱ्याखाली, एका समाजाने आपल्या मेलेल्यांची नोंद स्वतः केली. यादी तीच, रकाने तेच. फरक इतकाच की आता वही लोकांच्या हातात होती.

या लढ्यात ते एकटे नव्हते. प्योत्र ग्रिगोरेन्को हे सोव्हिएत सैन्यातले जनरल, जन्माने युक्रेनियन. त्यांनी १९६८ मध्ये तातारांच्या मेळाव्यात जाहीर सांगितले की विनवण्या पुरे, जे तुमचे आहे ते मागा. १९६९ मध्ये तातार कार्यकर्त्यांच्या खटल्यासाठी ते ताश्कंदला गेले असता त्यांना अटक झाली, आणि वेडे ठरवून मनोरुग्णालयात डांबण्यात आले. मुस्तफा जेमिलेव्ह निर्वासनाच्या वेळी सहा महिन्यांचे होते. मोठेपणी सोव्हिएत तुरुंगात त्यांनी ३०३ दिवस उपोषण केले. बळजबरीने अन्न भरवून त्यांना जिवंत ठेवले गेले. त्यांच्या खटल्याच्या वेळी न्यायालयाच्या दाराशी उभे राहणाऱ्यांत आंद्रेई सखारोव्ह होते, हायड्रोजन बॉम्ब बनवणारे रशियन शास्त्रज्ञ. अखेर नोव्हेंबर १९८९ मध्ये सोव्हिएत संसदेने ही निर्वासने बेकायदा आणि गुन्हेगारी स्वरूपाची होती असे जाहीर केले. तातार परत येऊ लागले. जुनी घरे दुसऱ्यांच्या ताब्यात होती, म्हणून मोकळ्या जमिनीवर खोल्या बांधून राहिले.

सखारोव्ह ज्या संघटनेचे पहिले मानद अध्यक्ष झाले तिचे नाव 'मेमोरियल'. तिने सोव्हिएत दडपशाहीच्या बळींची माहिती एकत्र करून सर्वांना पाहता येईल असा डेटाबेस तयार केला. त्यात तीस लाखांहून अधिक नावे आहेत. मी डेटाबेसवर पोट भरतो, म्हणून मला माहीत आहे की वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या, वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या तीस लाख नोंदी जुळवणे म्हणजे काय. दरवर्षी २९ ऑक्टोबरला मॉस्कोत गुप्त पोलिसांच्या जुन्या मुख्यालयासमोरच्या दगडापाशी लोक रांग लावत आणि एकेक जण एकेक नाव वाचत: नाव, वय, व्यवसाय, गोळी घातल्याची तारीख. त्या वाचनात माणूस समूह म्हणून येत नाही. तो सुतार असतो, शिक्षक असतो, चव्वेचाळीस वर्षांचा असतो.

२८ डिसेंबर २०२१ रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेमोरियल बंद करण्याचा आदेश दिला. कागदोपत्री कारण होते, स्वतःवर 'विदेशी हस्तक' असा शिक्का सगळीकडे छापला नाही हे. सरकारी वकिलाने मात्र युक्तिवादात सांगितले की ही संस्था सोव्हिएत संघाची खोटी, दहशतवादी राज्याची प्रतिमा उभी करते. पुढच्या वर्षी मेमोरियलला शांततेच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. क्रिमिया २०१४ मध्ये रशियाने ताब्यात घेतला. तेव्हापासून १८ मेच्या जाहीर स्मरणसभांवर बंदी आली आणि २०१६ मध्ये तातारांची निवडलेली प्रतिनिधी संस्था मेजलिस 'अतिरेकी' ठरवून बंद केली गेली. तिचे एक उपाध्यक्ष, पत्रकार नरिमान जेल्याल, यांना १७ वर्षांची शिक्षा झाली. २०२४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले.

आता मामूंच्या व्हिडिओकडे. ती मशीद खरी आहे. २३ सप्टेंबर २०१५ रोजी तिचे उद्घाटन पुतिन यांनी केले, तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान आणि पॅलेस्टाइनचे अध्यक्ष महमूद अब्बास शेजारी होते. ग्रोझनीतही २००८ मध्ये भव्य मशीद उभी राहिली. रशियाचे राज्य इस्लामला जागा देते, आणि ही पद्धत आजची नाही. १७८८ मध्ये सम्राज्ञी कॅथरीनने मुस्लिमांसाठी धार्मिक मंडळ स्थापन केले, त्याचा मुफ्ती सरकार नेमत असे. ऑक्टोबर १९४३ मध्ये स्टालिन सरकारने ताश्कंदमध्ये मध्य आशियातल्या मुस्लिमांचे अधिकृत मंडळ उभे केले. चारच महिन्यांनी चेचेन गावे रिकामी झाली, आणि मे महिन्यात तातारांच्या गाड्या त्याच ताश्कंदच्या दिशेने निघाल्या. मंडळ होते, मुफ्ती होता, नमाजही होती. दारावर शिपाई आला तेव्हा विचारायला न्यायालय नव्हते.

त्याच ग्रोझनीत मेमोरियलसाठी काम करणाऱ्या नतालिया एस्तेमिरोवा यांचे १५ जुलै २००९ रोजी घराजवळून अपहरण झाले आणि त्याच दिवशी त्यांचा खून झाला. बेपत्ता झालेल्या चेचेनांच्या नोंदी ठेवणे हे त्यांचे काम होते. भव्य मशिदीचा व्हिडिओ आपल्या ग्रुपवर येतो, एस्तेमिरोवा यांचे नाव येत नाही. राज्याने धर्माला मान देणे आणि नागरिकाला हक्क देणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळाली असे आपण समजू लागलो तर कोणतेही सरकार आपल्याला स्वस्तात खूश ठेवील.

मग रकानाच नको, असे म्हणायचे का? मलाही काही दिवस तसेच वाटत होते. पण १९९७ मध्ये नव्या रशियाने पासपोर्टमधून राष्ट्रीयत्वाची ओळ काढली तेव्हा सर्वांत मोठा विरोध केला तातारस्तानने. त्यांचे म्हणणे होते, आमची ओळखच कागदावरून गेली तर आमच्या शाळा, आमची भाषा, आमचा वाटा कशाच्या आधारावर मागायचा? हा प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडे २००६ चा सच्चर समितीचा अहवाल आला तो मोजणीमुळेच. मुस्लिम शिक्षणात आणि नोकरीत किती मागे आहेत हे आकड्यांनी दाखवले नसते तर 'लाड चाललेत' हा आरोप खोडायला आपल्याकडे काय होते? ज्यांची जात शतकानुशतके मोजली गेली ती अपमानासाठी, त्यांनाच आज न्यायासाठी मोजणी हवी आहे.

म्हणून मोजणीला सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही. विचारायचे ते असे: समूहाचा आकडा हवा आहे की माणसाचे नाव? नोंद कोण पाहणार? ज्या कामासाठी घेतली त्याखेरीज वापरता येणार नाही, याची हमी कायद्यात आहे की साहेबांच्या चांगुलपणात? आणि चुकीचा वापर झाला तर एकट्या माणसाला दाद मागता येईल असे न्यायालय उभे आहे का? सोव्हिएत संघात १९३२ मध्ये ज्यांनी तो फॉर्म छापला त्यांतल्या कोणी निर्वासनाची कल्पनाही केली नसेल. मधे फक्त बारा वर्षे गेली. आमच्या क्षेत्रात बारा वर्षे जुना डेटा सर्रास वापरात असतो.

मामूंना मी हे सगळे फोनवर सांगितले. ते थोडे चिडले. "बेटा, मग आपण काय अमेरिकेची बाजू घ्यायची? इराकचे काय केले त्यांनी?" मी म्हणालो, "मामू, इराक आपण विसरत नाही ना? मग ग्रोझनी आणि बख्चिसराय तेवढेच लक्षात ठेवू या. आणि ग्रिगोरेन्को, सखारोव्हही तिथलेच होते, त्यांना दोस्त म्हणू या." ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ती काझी बाईची गोष्ट लिहून पाठव. तुझ्या मामीला वाचायची आहे."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्या संस्थेला ईमेल लिहिला. धर्माचा रकाना कोणत्या कामासाठी, तो कोण पाहणार, आणि किती दिवसांनी पुसणार, असे तीन प्रश्न विचारले. जे मी काम करण्याआधी विचारायला हवे होते ते काम झाल्यावर विचारत होतो. चार दिवसांनी उत्तर आले की रकाना ऐच्छिक केला तरी चालेल. तो बदल मी त्याच दिवशी केला. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही. दर सोमवारी मी आठवण करून देतो.